पाचवी सुई

धसई, ता. मुरबाड
२१ जानेवारी २००४

निर्मले,

आशीर्वाद मागाहून, आधी भांडण. तुझ्या काळजाचं ऑपरेशन हाय हे मला कळावं कुठं, तर म्हशाच्या जत्रेत, घोंगडी उलटून बघता बघता. तुझा चुलतभाऊ हरेश वाशिंदच्या कारखान्यातनं सुट्टी काढून आलेला. म्हणतो, काकू, निर्मलाताईचं फेब्रुवारीत ऑपरेशन, तुमाला ठावं असंल. मी म्हटलं, ठावं हाय की. बाजूला शेजारची गोदू उभी व्हती, अर्धी धसई उभी व्हती. माझी लेक दिल्लीला नर्स हाय आणि पाच वर्षं मला एक ओळ लिवत नाय, हे काय जत्रेत सांगायचं? घोंगडी तशीच टाकून घरी आले. त्याला दोन आठवडे झाले. रोज कागद काढते आणि रोज फडताळात ठेवते.

हरेशनं तुझा फोटू दिलाय. हिरवे कपडे, तोंडाला फडकं, नुसते डोळे दिसतात. डोळे माझेच हायत, तुझ्या बाच्या घरचे लोक कायबी म्हणू देत. बाजूला ते यंत्र, हातांचं. सगळे हात प्लास्टिकात गुंडाळलेले. हरेशनं समजावलं तेवढं समजलं. डॉक्टर म्हणे लांब कोपऱ्यात बसतो, एका पेटीत डोळे घालून, आणि नुसती बोटं हलवतो. इकडे हे हात माणसाच्या आत शिरून कापतात, शिवतात. त्या हातांना कात्र्या-चिमटे लावून द्यायचं काम तुझं. आणि आता त्याच टेबलावर तू निजायचीस. छाती मधोमध फाडायची नाय, उजव्या बरगड्यांत चारपाच भोकं, बस. तुझ्या काळजाचा वॉल लहानपणच्या सांधेतापानं आखडलाय, तो शिवून सरळ करायचा.

वॉल म्हंजे मला पंचायतीच्या टाकीचा ठावं. तो आखडला की खालच्या आळीला पाणी येत नाय आणि वर टाकी भरून वाहते. तुझं तसंच झालंय का? जिना चढताना धाप लागते का? रात्री उशीला उशी लावून निजतेस का? हरेशला विचारलं, तर म्हणतो, काकू, मी भाऊ, मला कसं सांगंल ती.

एक गोष्ट त्यानं फुशारकीनं सांगितली. डॉक्टराचा हात कापला तरी यंत्राचा हात कापत नाय. मी म्हटलं, त्यात काय, माझाबी कापत नाय. पार टोकावड्यापासनं माणसं पोरं घेऊन येतात ती ह्या हातासाठीच. विळ्याचं टोक चुलीत लाल करायचं, टेकवायचं, उचलायचं. पोर रडायच्या आत काम झालेलं असतं. आजवर माझा एक डाग चुकला नाय.

हे वाचून तू कागद फेकशील. नको फेकू. मला ठावं हाय तू का गेलीस. ठाण्याला नर्सिंगला घेताना तुला तपासलं, डॉक्टरांनी काळजात आवाज ऐकला, मग गुडघे बघितले. दोन्ही गुडघ्यांवर दोन-दोन, दोन्ही घोट्यांवर दोन-दोन, आठ डाग. वर्गातल्या पोरींना बोलावून दाखवले. विचारलं, कुणी दिले? तू म्हणालीस, आईनं. त्या दिवशी घरी येऊन तू मला विचारलंस, आणि मी म्हटलं, "चालतेस ना त्याच पायांनी? मग." तेवढं बोलायला नको व्हतं. पण बोलले. तू बॅग भरलीस आणि मी दळण निवडत बसले.

मला ये म्हण. दिल्ली कुठंबी असंल, मी बसून येईन. बाहेर बाकड्यावर बसेन, आत नाय येणार.

आणि एक सांग. त्या यंत्राच्या हाताला आतलं ऊन-गार कळतं का?

तुझी आई
हिराबाई

अक्षर वाकडं हाय ते पेनामुळं.


धसई
८ फेब्रुवारी २००४

निर्मला,

तुझं पत्र आलं. सात ओळी. पोस्टमननं ओट्यावरनं हाक मारली तेव्हा मी शेत भाजायला, भाताच्या राबासाठी पाला रचत व्हते, तशीच मातीच्या हातानं धावले. तुझ्या नावावर माझा अंगठा उठलाय. तूच मला साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकवलीस, तेव्हा म्हणायचीस, आता अंगठा बंद. बघ, उठलाच.

पहिल्या ओळीत लिवलंस, येऊ नकोस. बरं. दुसऱ्या ओळीत लिवलंस, यंत्राच्या हाताला ऊन-गार कळत नाय, घट्ट-सैल बी कळत नाय, डॉक्टर नुसतं डोळ्यांनी बघून ओळखतात की दोरा किती ताणला. ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मी विचारलेल्या गोष्टीचं तू उत्तर दिलंस, म्हणून.

बाकीच्या पाच ओळीत प्रश्नच. डॉक्टरांना जुनी माहिती पायजे, नीट आठवून खरं लिही, असं लिवलंस. लिवते.

ताप आला तेव्हा तू अकरा वर्षांची. भात झोडून झालं व्हतं. आधी उजवा गुडघा सुजला, तो उतरला नि डावा सुजला, मग घोटे. मुतायला नेतानाबी तुझा बा उचलून न्यायचा. मुरबाडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, दर एकवीस दिवसांनी एक सुई, ती बरीच वर्षं. पुठ्ठ्याचं पिवळं कार्ड दिलं. चार सुया झाल्या.

बंद का केल्या, तर त्या तुला चालत नव्हत्या. चौथ्या सुईनंतर अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजलं. म्हणून बंद केल्या. अंगावर कुठलं औषध उठलं व्हतं का, असं तू विचारलंस ना, तर हेच.

झालं तुझ्या प्रश्नांचं. आता माझं ऐक. तुझी गोधडी उन्हात घातली. पिवळा काठ उसवला व्हता, तो शिवला. परसात वालाच्या शेंगा भरल्यात, तुला सोलायचा कंटाळा आणि खायची घाई. ह्या वर्षी मी एकटीच सोलते नि एकटीच खाते, आणि अर्धी भाजी गोदूकडं जाते. संध्याकाळची एस.टी. वळणावर हॉर्न देते ना, तेव्हा अजून माझे हात थांबतात. तू येणार नायस हे मला कळतं. हातांना कळत नाय.

ऑपरेशनची तारीख तू लिवली नायस. हरेशकडनं कळली. चोवीस, मंगळवार.

आई


मुरबाड एस.टी. स्टँड
२० फेब्रुवारी, शुक्रवार

निर्मला,

हे पत्र तुला मंगळवारच्या आत मिळणार नाय. ठावं हाय. तरी लिवते, कारण शहापूरच्या गाडीला अजून तासभर हाय आणि लिवलं नाय तर मी इथं बाकड्यावरच वेडी होईन.

आज सकाळी तुझ्या त्या जुन्या डॉक्टरांकडं गेले. म्हातारे झालेत, दवाखान्यात सून बसते, ते बाजूला पेपर वाचत बसतात. मी गेले व्हते एवढंच विचारायला की काळीज तासभर थांबवून पुन्हा चालू करतात, ते चालू होतंच ना. त्यांनी नीट समजावलं. ते थांबलेलं असतं तेव्हा रक्त बाहेरच्या मशीनमधनं फिरतं, घाबरू नका, म्हणाले. मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून तोंड सैल सुटलं. म्हटलं, पोरीनं जुनं सगळं विचारलं व्हतं, मी लिवून धाडलं, सुई तिला चालली नाय म्हणून.

डॉक्टरांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, चालली नाही? कधी? मी उठून पिशवी उचलली. मग ते हळू आवाजात बोलले, तेच तुला जसंच्या तसं लिवते.

"हिराबाई, हे तुम्ही लिहून पाठवलंत? ते आता तिच्या कागदावर लाल शाईने लिहिलेलं असेल. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर जखमेत जंतू होऊ नये म्हणून जे औषध देतात, ते त्याच घराण्यातलं. ते तिला देणार नाहीत. नंतर दर एकवीस दिवसांनी जी सुई लागेल, तीही नाही. ज्या औषधाने ती सांभाळायची, तेच तुम्ही तिच्यापासून तोडलंत."

मी विचारलं, सुई लावून बघतात ना आधी, तेव्हा कळंलच की. ते म्हणाले, आईनं तोंड सुजलं होतं म्हणून लिहिलंय, तर कोण बघायचं धाडस करेल?

तर आता खरं लिवते. गांधी उठल्या नव्हत्या. तोंड सुजलं नव्हतं. चारी सुया तुला चांगल्या चालल्या. सुई घेऊन आलीस की दुसऱ्या दिवशी तू सूरपारंब्या खेळायचीस.

पहिल्या सुईच्या आधीच मी तुला डाग दिले व्हते. तुझ्या बानं पाय धरले, मी विळा टेकवला. आठ दिवसांत गुडघे उतरले. मला वाटलं, माझ्या हाताचा गुण. आज डॉक्टर म्हणाले, तो ताप गुडघ्यातनं आपोआप उतरतो, डाग द्या नाय तर देऊ नका. उतरतो आणि काळजात जाऊन बसतो. सुई त्यासाठी व्हती.

पण तेव्हा मला ते कुणी सांगितलं नव्हतं असं नाय हां. डॉक्टरांनी तेव्हाबी सांगितलं व्हतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. कारण विहिरीवर बाया बोलायला लागल्या व्हत्या. हिराबाई साऱ्या गावाला डाग देते आणि स्वतःची पोर मुरबाडला सुईला नेते. गोदूच्या सासूनं तर तोंडावर विचारलं. पुढच्या महिन्यात डागाला एक माणूस आलं नाय. मला ते सहन झालं नाय, निर्मला. माझं नाव राहायला पायजे, म्हणून तुझी सुई बंद केली. कार्ड चुलीत घातलं. तुला सांगितलं, दवाखान्यात औषध संपलंय. तुझ्या बालाबी तेच सांगितलं. तो मरेपर्यंत सरकारला शिव्या घालत व्हता.

डागासाठी तू माझ्यावर रागावलीस. ते तर अडाणीपणानं दिले, त्याची माफी मागता येते. सुईचं तसं नाय.

तुझा फोन नंबर माझ्याकडं नाय. हरेशकडं हाय. गाडी लागली. वाशिंदला जाते.


वाशिंद, हरेशच्या खोलीवर
२१ फेब्रुवारी, शनिवार

निर्मला,

फोन तू ठेवलास तेव्हापासनं मी हरेशच्या खाटेवर बसलेय. त्याच्या बायकोनं दोनदा चहा केला, दोन्ही निवले.

काल शहापूरला पोचले तर पुढची गाडी गेलेली. जीपला लटकून वाशिंद गाठलं. कारखान्याच्या दारावर वॉचमन आत सोडीना, म्हणाला, मावशी, पाळी सुटल्यावर भेटा. मी दाराशीच बसले. हरेश बाहेर आला आणि मला बघून त्याचा रंगच उडाला, त्याला वाटलं तुझंच काय झालं. लगेच फोन लावला, लागला नाय. तुझी ड्युटी व्हती. आज सकाळी लागला.

तू म्हणालीस, "हॅलो, हरेश." मी म्हटलं, मी हाय. पाच वर्षांनी तुझा श्वास ऐकला गो. खरंच धाप लागते तुला. बोलायच्या आधीच ऐकू येतं.

मी जे पाठ करून आले व्हते ते सगळं विसरले. नुसतं म्हटलं, "सुई तुला चालत व्हती. मी खोटं लिवलं. डॉक्टरांना सांग, लाल शाईचं खोडा."

तू विचारलंस, किती झाल्या व्हत्या. मी म्हटलं, चार. तू विचारलंस, मग पाचवीला काय झालं? मी म्हटलं, मीच नेलं नाय. औषध संपलं नव्हतं. माझं नाव जात व्हतं म्हणून.

मला वाटलं तू ओरडशील. ओरडायला पायजे व्हतं. तू हळूच म्हणालीस, "मी वेणी घालून बसले होते, आई."

मग म्हणालीस, सांगते डॉक्टरांना. आणि फोन ठेवलास.

व्हतीस बसलेली. मला वाटायचं तू विसरलीस. पहाटे आपली आपण उठलीस, लाल रिबिनीच्या दोन वेण्या, पायात बाची मोठी चप्पल, ओट्यावर. सुईला जायची हौस नव्हती तुला, मुरबाडला स्टँडवर मी भजी घेऊन द्यायची त्याची व्हती. मी चुलीपुढनं उठलेच नाय. तू दोनदा आत डोकावलीस. तिसऱ्यांदा मी सांगितलं, आज नाय जायचं, औषध संपलंय. तू कायसुदिक विचारलं नायस. रिबिनी सोडून, गुंडाळून फडताळात ठेवल्यास. हे मी कालच्या पत्रात लिवलं नाय. ते मला लिववत नव्हतं.

कालचं पत्र अजून पिशवीत हाय. दोन्ही एकदम टाकते. वाचलंस तर वाच.


धसई
२७ फेब्रुवारी

निर्मला,

हरेशचा निरोप आला. पाच तास लागले, वॉल शिवला गेला, काळीज आपलं आपण चालू झालं. तू काल खुर्चीत बसलीस. तिथल्या तुझ्या मैत्रिणीनं त्याला सांगितलं की कागदावरची लाल ओळ सोमवारीच खोडली, सुई लावून बघितली, अंगावर काय उठलं नाय आणि औषध बरोबर दिलं. मग देवाला नारळ फोडला, आणि फोडताना हात एवढा कापला की दुसऱ्यांदा आपटावा लागला.

होय, कापतो. दोन वर्षं झाली. पेनाचं खोटं व्हतं. तरीबी मी डाग देत व्हते, डाव्या हातानं उजवं मनगट धरून.

काल गोदू नातवाला घेऊन आली, दीड वर्षाचं, पोट फुगलेलं, रात्रभर रडतंय. चूल पेटलेलीच व्हती. गोदूनं आपण होऊन विळा निखाऱ्यात घातला, इतकी सवय सगळ्यांना. मी विळा काढून पाण्यात टाकला. म्हटलं, मुरबाडला ने. ती म्हणाली, असं काय करतेस, तुझ्या निर्मलाला गुण आला व्हता ना? तिच्याबरोबर दोन बाया अजून व्हत्या. मी सगळ्यांच्या पुढं सांगितलं. गुण आला नव्हता, सुई मी तोडली व्हती, आणि परवा तिचं काळीज थांबवून शिवलं. गोदू पोर उचलून गेली. मुरबाडला गेली की दुसऱ्या कुणाकडं गेली, ठावं नाय. आज विहिरीवर माझ्याशी कुणी बोललं नाय.

नाव गेलं. तेव्हा जाऊ दिलं असतं तर बरं झालं असतं.

तुला वाटेल मी हे माफी मिळावी म्हणून लिवते. मिळावी असं वाटतं, खोटं का बोलू. पण त्याच्यासाठी नाय लिवत. मला तुझी लय आठवण येते, म्हणून लिवते. जेवताना येते, शेंगा सोलताना येते. तू जवळ असायचीस तेव्हा मी तुझ्यावर खेकसायची, आणि आता घरात कुणी नाय तर भांड्यांवर खेकसते.

उत्तर नको देऊ. भोकं दुखत असतील. निज.

आई


धसई
१६ मार्च

निर्मले,

पाकीट आलं. फोडायला घाबरले. तासभर देवापाशी ठेवलं, मग शेवटी फोडलं.

आत पत्र नाय. एक कार्ड, पांढरं, इंग्रजी छापलेलं, तारखांचे रकाने. पहिल्या चार रकान्यांत तू पेनानं रेघ मारलीस, आणि पाचव्यात लिवलंस: २२ मार्च, मुरबाड. खाली मराठीत दोन ओळी. "चार झाल्या होत्या. पाचवीला तू घेऊन चल."

मी ते घेऊन ओट्यावर गेले, परत आत आले, पुन्हा बाहेर गेले. सांगायचं कुणाला? गोदू बोलत नाय. शेवटी तिच्याच दारात गेले नि कार्ड पुढं धरलं. तिला वाचता येत नाय, तरी तिनं उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाली, येते का पोरगी? मी म्हटलं, येते. तिनं आत जाऊन सुपातनं वाल आणून दिले. तिचा नातू अंगणात खेळत व्हता, पोट सपाट. मी काय विचारलं नाय.

हरेशनं सांगितलं, शनिवारी तू कल्याणला उतरतेस, तो घ्यायला येतो. छाती फाडली असती तर तू तीन महिने हलली नसतीस, म्हणाला, यंत्रानं केलं म्हणून एवढ्या लवकर प्रवास. मी त्या यंत्राच्या हातांना बसल्या जागी नमस्कार केला, हसू नको. त्यांना ऊन-गार कळत नसंल, पण त्यांनी तुला धाडलं.

रविवारी पाडवा. तुला गुढीला हात लावू देणार नाय, वर हात करायचा नाय तुला अजून. काठी गोदूचा मुलगा धरंल. पुरण मी घालीन. तू खाटेवर बसून मला कायबी बोल. पाच वर्षांचं बोल. मी मध्ये तोंड घालणार नाय. घातलं तर आठवण कर.

सोमवारी सातची एस.टी. हाय. डॉक्टरांना सांगून ठेवलंय, सुई ते स्वतः देणार, सुनेला देऊ देणार नाय म्हणाले. स्टँडवर भजी अजून मिळतात. तुला चालतात का ते विचारून सांग, नायतर नुसती बघू.

तुझ्या रिबिनी फडताळात हायत, गुंडाळलेल्या, तशाच. मी कधी उघडल्या नाय.

तू सावकाश ऊठ. सावकाश वेणी घाल. मी चूल पेटवणार नाय सोमवारी. लुगडं नेसून, पिशवी घेऊन, तुझ्या आधी मी ओट्यावर बसलेली असेन.

आई